सगुणाबाईपुढं मुका होणारा काटा

न्हावऱ्याच्या डेअरीतला दूध मोजायचा बोलका काटा सगुणाबाई पुढं आली की मुका व्हायचा. गावात कुणालाही विचारा, जो तो थोडं वाढवूनच सांगेल. कुणी म्हणतं, काट्याबरोबर भिंतीवरचं घड्याळही थांबायचं. कुणी म्हणतं, बाहेर बांधलेली म्हैस रवंथ करायची विसरायची. घड्याळाचं आणि म्हशीचं सोडून द्या. काटा मात्र खरोखर मुका व्हायचा, आणि का होतो हे साऱ्या गावात एकट्या गौतमीला ठाऊक होतं.

गौतमी ही बबनरावांची धाकटी. रांजणगावच्या एका कंपनीत संगणकाचं काम करायची, कारेगावात खोली करून राहायची, आणि गुरुवारच्या सुट्टीला घरी यायची. डेअरीनं नवा काटा आणला तेव्हा तो संगणकाला जोडायचं काम चेअरमन विनोदआप्पांनी तिच्या गळ्यात घातलं. तिनंही हौसेनं केलं. किटली ओतली, की काट्यापाशी बसलेला रविराज सभासदाचा नंबर दाबणार, नंबर आणि दुधाचं माप वायरीतून संगणकात जाणार, संगणक ते टिपून घेऊन त्याच वायरीतून काट्याला उत्तर धाडणार, आणि काट्यातली बाई ठसक्यात बोलणार, "आठ लिटर."

पहिल्या दिवशी आप्पांनी गावासमोर गौतमीला शाल पांघरली आणि विचारलं, "इंजिनीअरबाई, बिघडंल का कवा?"

"माझ्या हातचं हाय, आप्पा. बिघडायचं न्हाई."

टाळ्या पडल्या. बबनरावांनी शाल घरी नेऊन कपाटात अशी ठेवली, की दार उघडलं की आधी तीच दिसावी.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई आली. हिच्या सासऱ्याच्या काळात घरात मेंढरांचा वाडा होता. आता दोन म्हशी आणि कांद्याचं रान. दूध असं दाट, की किटलीत रवी सोडली तर उभी राहील. तिनं किटली ओतली, रविराजनं नंबर दाबला, आणि काटा गप्प. तिच्या मागच्यांनाही काही बोलेना. संगणक बंद करून चालू केला तेव्हा कुठं त्याला वाचा फुटली. संध्याकाळी परत सगुणाबाई, परत तेच.

रविराजनं गौतमीला फोन लावला. ती कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवत होती. "ताई, बाकी समद्यांना बोलतो काटा. सगुणाआजी आली की मुका!"

"तिचा नंबर काय?"

"एकोणीस."

आकडा ऐकताच गौतमीला आपली चूक लख्ख दिसली.

त्याचं असं असतं. वायरीच्या तोंडाशी संगणकात एक हमाल उभा असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. येईल ते उचलायचं आणि सांगितलं ते पाठवायचं, एवढंच त्याचं काम. पण उचललेला माल तो थेट डेअरीच्या हिशोबापर्यंत नेत नाही. मधे एक कारभारी बसलेला असतो, त्याचं नाव लाइन डिसिप्लिन. टाइपरायटरसारखी यंत्रं संगणकाला जोडायचे त्या काळातला हा जुना गडी, आणि त्याच्या खुणाही जुन्या. एकोणीस आकडा आला, की पलीकडचा 'थांब, दम घेऊ दे' म्हणतोय असं तो समजतो. तो आकडा स्वतःच गिळतो आणि हमालाला दटावतो, की आता बाहेर काही धाडायचं नाही. हमाल बिचारा हाताची घडी घालून उभा. म्हणून कारभाऱ्याला आधीच सांगून ठेवावं लागतं, की बाबा, तू मधे पडू नको, येईल तसं पुढं दे. गौतमीनं बाकीच्या खुणा बंद केल्या होत्या. ही एक राहिली.

"ताई, हाय का तुम्ही?"

"हाय. विजेचं कमीजास्त होत आसंल," गौतमी म्हणाली.

"वीज सगुणाआजीलाच कशी वळखती पण?"

"बघते मी गुरुवारी," म्हणून तिनं फोन ठेवला. शाल पांघरून दोन दिवस झाले नव्हते. आता चूक कुठल्या तोंडानं सांगणार? गुपचूप दुरुस्त करू, असं तिनं ठरवलं. पण त्या गुरुवारी कंपनीनं थांबवून घेतलं, पुढच्या गुरुवारी ती स्वतःच थांबली.

तोवर गावानं आपलं डोकं चालवलं. काट्याला लिंबू-मिरची बांधली. सगुणाबाईनं सगळ्यांच्या शेवटी दूध घालायचं, असं ठरलं. एकदा तिनं सुनेला पाठवलं, तर तिलाही काटा मुका. मग दोष साऱ्या घराचाच झाला. नंबर रविराजच्या बोटाखाली दबायचा, त्याच्याकडं कोण बघतंय? लोक बघायचे सगुणाबाईच्या तोंडाकडं. ती शेवटी उभी राहून किटलीच्या कडीशी चाळा करायची.

तिसऱ्या गुरुवारी गौतमी घरी आली. बबनराव चहाला हात न लावता बसले होते.

"तुझ्या यंत्राला लिंबू बांधलंय, कळलं का? आपल्या दाराला मी जन्मात बांधू दिलं न्हाई, आन् माझ्या लेकीच्या कामाला बांधलं! आज संध्याकाळी जाऊन भांडणार हाय मी."

"ऱ्हाऊ द्या, आबा."

"का ऱ्हाऊ द्या? सगुणाबाईच्या लेकीच्या, प्रतिभाच्या बाळाचं उद्या राहू गावाला बारसं हाय. दुसरी खेप, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. आन् विहीणबाईचा सांगावा आलाय, की सगुणाबाईंनी यावं, पण पाळण्याला हात लावू नये. सख्ख्या आजीनं! काट्याची बोंब पार नदीपल्याड गेली."

खूण बंद करायला गौतमीला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नसता. पण आता गुपचूप बंद केली, तर लोक म्हणणार, लिंबानं गुण दिला. म्हणजे सगुणाबाईच्या घरात दोष होता, तो तेवढा उतरला. दुरुस्तीनंच डाग पक्का होणार होता.

संध्याकाळी ती बापाच्या आधी डेअरीत जाऊन उभी राहिली. विनोदआप्पा किटली घेऊन रांगेत पहिलेच होते.

"रविराज, आप्पांच्या दुधाला एकोणीस दाब," ती म्हणाली.

"अगं, तो सगुणाबाईचा!" आप्पा म्हणाले.

"दाब तू."

रविराजनं दाबला. काटा गप्प. मागून रांगेतल्या ताईबाईचा आवाज आला, "आप्पा, तुमचा पायगुण कवापासून बिघडला वो?" सगळी डेअरी खदखदली.

गौतमीनं संगणक बंद करून चालू केला. शेवटून सगुणाबाईला हाताला धरून पुढं आणलं, तिची किटली ओतली आणि आप्पांचा नंबर दाबायला लावला. काट्यातली बाई ठसक्यात म्हणाली, "नऊ लिटर." सगुणाबाई दचकून एक पाऊल मागं सरली. इतके दिवस तिनं तो आवाज फक्त लांबूनच ऐकला होता.

"दोष आजींचा न्हाई, दुधाचा न्हाई," गौतमी म्हणाली. "एकोणीस आकडा ऐकला की गप बसायची संगणकाला सवय आसती. ती मोडायची ऱ्हायली माझ्याकडनं. आता मोडते."

"मग न्हाई आलं ध्यानात, व्हतंय," आप्पा सावरून घेत म्हणाले.

इथं थांबता आलं असतं. लोक हसत होते, आप्पांनी पदरात घेतलं होतं. पण दारात बबनराव येऊन उभे होते, छाती काढून, लेकीकडं बघत.

"आलं व्हतं ध्यानात," गौतमी म्हणाली. "रविराजनं फोन केला त्याच दिशी. मी विजेवर ढकललं."

हसणं थांबलं. काट्याला नव्हे, आता माणसांना कुणी एकोणीस दाबलं होतं.

"त्याच दिशी?" सगुणाबाईनं विचारलं.

"व्हय, आजी."

"आन् मला शेवटी हुबं ऱ्हाऊ दिलंस?"

बबनराव पुढं आले. भांडले नाहीत, रागावले नाहीत. काट्याची लिंबू-मिरची ओढून काढली, लेकीच्या हातात ठेवली आणि मान खाली घालून निघून गेले. त्यापेक्षा त्यांनी चार माणसांत मुस्कटात मारली असती तर तिला परवडलं असतं.

सगुणाबाईनं रिकामी किटली उचलली. "इथं सांगितलंस, बरं केलंस. पर माझा पाळणा राहूला हाय. उद्या सकाळच्या यष्टीनं माझ्यासंगं यायचं. विहिणीपुढं, समद्या बायांपुढं हेच सांगायचं. त्याच दिशी कळलं व्हतं, हे बी."

"येते, आजी. रजा टाकते."

"आन् ती शाल घिऊन ये. आप्पानं पांघरल्याली."

दुसऱ्या दिवशी पारगावचा पूल ओलांडून दोघी राहूला गेल्या. पाळण्यापुढं बसलेल्या बायांना गौतमीनं हमाल आणि कारभारी दोन्ही समजावले. एकीनं मधेच विचारलं, "मग तुझी जीभ कुठल्या कारभाऱ्यानं धरली व्हती गं?" बाया हसल्या, गौतमी मात्र हसली नाही. विहीणबाईंनी मान वळवून पाळणा सगुणाबाईकडं सरकवला.

सगुणाबाईनं गौतमीकडनं शाल घेतली, झटकली, चौघडी करून पाळण्यात अंथरली आणि तीवर नातवाला ठेवलं. पोरगं थोडा वेळ छताकडं बघत राहिलं, मग त्यानं शाल मनसोक्त ओली केली.

"असू दे," सगुणाबाई म्हणाली, पहिल्यांदाच गौतमीकडं बघून. "धुऊन तूच आणून दे."