सत्तावीसचा खोटा आकडा

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या खिडकीजवळ कपाटासारखा उभा असलेला जुना इनक्युबेटर म्हणजे मी. ठरवून दिलेली ऊब दिवसरात्र सांभाळायची, एवढेच माझे काम. त्याच कामात मी खोटे बोललो. कसे, ते सांगतो.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा रंग दुधासारखा पांढरा होता. माझ्या दारावर तांबडा आकडा झळकत असे. "याचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असे सगळे म्हणत. मी फुगून जात असे. अकरा वर्षे गेली. माझी तपासणी दरवर्षी व्हायची, ती "चालतोय ना, मग राहू दे" म्हणत पुढे ढकलली जाऊ लागली.

माझ्या पोटात एका संशोधक ताईंच्या बाटल्या असत. त्या बाटल्यांच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव पोहत. बाटल्या धुणाऱ्या मावशींनी एकदा विचारले, "ताई, या एवढ्याशा जिवात बघता तरी काय?"

"मावशी, याला दोन केंद्रकं असतात," ताई म्हणाल्या. "छोट्यात सगळा मूळ डीएनए जपलेला असतो. मोठं रोजच्या कामाचं. जुनं मोठं केंद्रक मोडून नवं तयार होतं ना, तेव्हा हा जीव त्यातले नको असलेले हजारो तुकडे कापून टाकतो आणि उरलेलं पुन्हा जोडतो."

"म्हणजे भाजी निवडतो म्हणा की! देठं काढायची, किडकं काढायचं."

"अगदी! फक्त एका अक्षराचीही चूक चालत नाही."

दोघी हसल्या. त्या दिवसांत मावशी ताईंना घरच्याच वाटत.

पुढे माझ्या आतला उष्णता मोजणारा सेन्सर बिघडला. मी हळूहळू जास्त तापू लागलो. आत तेहतीस अंश झाले, तरी दारावर मी ठरवून दिलेले सत्तावीसच दाखवत राहिलो. त्या जादा उष्णतेने पेशींचे काम बिघडले. जे तुकडे कापले जायला हवे होते, त्यांतले काही तसेच राहू लागले. ताईंनी प्रयोग तीनदा केला आणि तीनदा तेच झाले.

एका सकाळी सगळ्यांसमोर त्यांचा तोल गेला. "मावशी, बाटल्यांत साबण राहतोय! माझी चार महिन्यांची मेहनत मातीत गेली."

"चारचार पाण्यांनी धुते हो मी," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी माझे दार उघडून आत हात घातला. "ताई, हा जास्त तापतोय. पूर्वी असं लागायचं नाही."

"आकडा बघा ना, सत्तावीस आहे," शेजारच्या टेबलावरचे एक सर म्हणाले. "तुमच्याच हाताला ताप आला असेल!"

खोलीभर हशा पिकला. मी मात्र भर दिवसा सत्तावीस, सत्तावीस असा झळकत होतो. त्या क्षणी माझा दिवा विझला असता तर किती बरे झाले असते!

मावशींना जिने पुसायच्या कामावर पाठवले. दीड महिना मी त्यांचा आवाज ऐकला नाही.

ताईंनी नव्या कोऱ्या बाटल्या आणल्या. जागा पुरेना म्हणून निम्म्या माझ्यात ठेवल्या आणि निम्म्या शेजारच्या खोलीतल्या इनक्युबेटरमध्ये. तिकडच्या पेशींनी तुकडे चोख कापले. माझ्यातल्यांनी नाही. ताई कितीतरी वेळ माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी पाण्याच्या पेल्यात साधा थर्मामीटर घालून माझ्या आत ठेवला. तासाभराने तो बाहेर काढला, तर पारा तेहतीसवर होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशींना बोलावले. त्या दिवशी हसलेल्या सगळ्यांनाही बोलावले. "मावशींचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "यंत्र बिघडलं होतं. मी शहानिशा न करता त्यांना बोलले. मावशी, माझं चुकलं."

मावशी हळूच म्हणाल्या, "तुमचं बोलणं मी विसरेन, ताई. पण इतके दिवस घरी जाऊन मी माझेच हात हुंगत होते. खरंच साबण राहतो की काय, म्हणून."

ते सर मान खाली घालून उभे होते.

माझा सेन्सर बदलला आणि मावशी परत आल्या. आता माझा आकडा खरा असतो. तरीही मावशी बाटल्या ठेवायला दार उघडतात, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

मित्रांनो, जुन्या यंत्रावर माया करा, पण त्याची तपासणी टाळू नका. आणि रोज आमच्याजवळ राबणारा माणूस काही सांगू लागला, तर आमच्या आकड्याकडे बोट दाखवून त्याला गप्प करू नका. आम्ही चुकलो तर आमचा एक भाग बदलला की भागते. त्याला मात्र घरी जाऊन स्वतःवरच संशय घेत बसावे लागते.