चाळीस मिनिटं

भिंगरीचं अभ्यासात लक्ष लागेना, म्हणून वर्गशिक्षकांनी तिला समुपदेशक बाईंकडे धाडलं. बाईंची खोली म्हणजे पूर्वीची खेळाच्या सामानाची कोठी. फुटबॉल गेले, वास राहिला. पण बाई हुशार हो! त्यांच्या वहीत चार रकाने असत : काय झालं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय, दुसरं कारण काय असू शकेल. भल्याभल्या पोरांच्या डोक्यातली भुतं त्यांनी या रकान्यांनी उतरवली होती.

"अभ्यासातून दर पाच मिनिटांनी का उठतेस गं?"

"आई घरात आहे ना, ते बघायला. ती आम्हाला सोडून जाणार आहे."

"पुरावा?"

"माळ्यावरची बॅग खाली काढलीये तिने."

"दुसरं कारण?"

भिंगरीने डोकं खाजवलं. "साफसफाई?"

"शाब्बास! मनात आलं म्हणजे ते खरंच असतं असं नाही, बाळा."

मग बाईंनी प्रयोग दिला. संध्याकाळी चाळीस मिनिटं गणितं सोडवायची, काही झालं तरी जागचं हलायचं नाही. घरी एक फोन करावा, हे बाईंच्या मनात आलं नाही असं नाही. पण बाहेर बाकावर आणखी सहा पोरं ताटकळत होती, आणि पान कसं छान भरलं होतं! भरलेलं पान दिसलं की बाईंना वाटायचं, झालं काम. शिकल्यासवरल्या माणसाची अक्कल अशी गहाण पडते बघा.

तिसऱ्या दिवशी भिंगरी आली. चुळबुळ न करता बसली आणि वही पुढे सरकवली. बाईंनी वाचलं : 'चाळीस मिनिटं बसले. मध्ये दार वाजलं. वाटलं, आई चालली. दुसरं कारण : शेजारी जात असेल. उठले नाही. अकराच्या अकरा गणितं बरोबर. आई गेली. बॅग पण नाही.'

बाईंनी शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. "अगं... येईल ती परत."

"पुरावा?" भिंगरीने विचारलं. टोमणा नव्हता तो. बाईंनीच तर शिकवलं होतं.

बाईंनी वही तिच्याकडे परत सरकवली.

"बाई, मी उठले असते तर ती थांबली असती का?"

भिंगरीने पेनाचं टोपण काढलं, कोरं पान उघडलं आणि उत्तर लिहून घ्यायला बाईंच्या तोंडाकडे बघत बसली. मैदानावर पोरं ओरडत होती, घंटा झाली, तरी तिची नजर हलली नाही.