तीस मेले, दहा वाचले

कॉफीच्या खोलीच्या दारावर गुणांची यादी लागली आणि तळाला माझं नाव होतं: थिया कोवालचुक, शंभरपैकी अकरा. प्रोस्टेटच्या लेझर शस्त्रक्रियेच्या सिम्युलेटरवर आमच्या विनिपेगच्या हॉस्पिटलात इतके कमी गुण आजवर कुणालाच पडले नव्हते.

"लाज नाही वाटत?" आमचे प्रमुख डॉ. हॅल्वर्सन सगळ्यांसमोर कडाडले. "चाळीस वेळा बसलीस आणि चाळीसही वेळा नुसता रक्ताचा पूर!"

"मी मुद्दाम नस फोडते, सर. मग रक्त थांबवायला शिकते. यंत्रातले पहिले तीस म्हातारे मेले, नंतरचे दहा वाचले. हे काय खऱ्या माणसावर शिकू?"

"ब्रेंडनकडे बघ. अठ्ठ्याण्णव!"

"यंत्रात सहाच म्हातारे आहेत, तेच आलटूनपालटून येतात. त्याला सहाही पाठ झालेत."

यादीत पहिला आलेला ब्रेंडन हसला. "जळतेस का गं?"

"चल, चढव तो सिम्युलेटरचा चष्मा. मग बोलू."

सगळे सिम्युलेटरच्या खोलीत गेलो. तो ऐटीत बसला आणि सराईतपणे लेझर चालवू लागला. अर्ध्यावर आल्यावर मी शिक्षकांच्या बटणाने नस फोडली. त्याच्या चष्म्यात आणि भिंतीवरच्या पडद्यावर सगळं लालभडक झालं.

"अगं, काही दिसत नाहीये!" तो ओरडला.

"बुधवारची खऱ्या रुग्णाची शस्त्रक्रिया तुला मिळणार नाही," हॅल्वर्सन माझ्यावर डाफरले.

"नका देऊ. पण त्याला देण्याआधी जरा खाली बघा."

सगळ्यांनी खाली पाहिलं. काही दिसत नसतानाही ब्रेंडनचा पाय लेझर सोडणारं पेडल अजूनही करकचून दाबून होता.