आपल्याच झाडाला तिकीट

"दोन द्या," मिसाए मावशी तिकीटखिडकीपाशी वाकून म्हणाली आणि चिनात्सुच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मावशी, तू तिकीट काढतेयस? आपल्याच झाडाला भेटायला?"

"हळू बोल. बाई ऐकतेय."

"ऐकू दे की! त्यासाठीच मोठ्यानं बोलतेय!"

खिडकीतल्या बाईनं तिकिटांबरोबर गोड हसून बागेचा नकाशाही दिला. नकाशा! तीन वर्षांपूर्वी गावचा रस्ता रुंद करायला निघाले, तेव्हा मावशीच्या रताळ्याच्या शेताच्या बांधावरचं सगळ्यांत जुनं सायकस, ताडासारख्या पानांचं ते झाड, क्रेननं उचलून इथे भूशिरावरच्या बागेत आणलं होतं. तेव्हाचे व्यवस्थापक मावशीसमोर कमरेत वाकून म्हणाले होते, "झाड तुमचंच, बाई. बिया तुमच्याच. कधीही या." ते निवृत्त होऊन गेले आणि जाताना आपला शब्दही बरोबर घेऊन गेले.

चिनात्सुच्या दप्तरातून भयंकर वास येत होता. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं नर सायकसचं कणीस होतं, तिच्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीचं, पिवळं आणि पिकायला आलेलं. बसमध्ये एका आजोबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांच्या तळव्यांकडे. मावशी सगळा रस्ता पदराआड हसावं तशी टोपीआड हसत होती.

पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी अमामी बेटावर ते पांढरे किडे आले. आधी पानांवर मीठ सांडल्यासारखं दिसलं, मग पानं तपकिरी झाली, मग झाडं बसकली. मावशीचा अख्खा बांध गेला, शेजाऱ्यांचाही गेला. गावात धड उभा राहिला तो साकाएकाकांच्या घरामागचा एक नर. गावची मादी एकच उरली, ती इथे. आणि मादी काही दरवर्षी फुलत नाही. मागच्या आठवड्यात शाळेच्या सहलीत चिनात्सुनं तिच्या शेंड्यावर भगव्या लोकरीची टोपली बसलेली पाहिली आणि ती तिथेच किंचाळली. सरांना वाटलं साप निघाला.

यंदा त्या टोपलीत परागकण पडले तरच हिवाळ्यात लाल बिया मिळणार होत्या. काही पाण्यात ठेवून, विष उतरवून, कुटून मावशीच्या मिसोच्या, त्या आंबवलेल्या खारट चटणीच्या, माठात जाणार आणि उरलेल्या बिया बांधावर परत लावल्या जाणार. नाही पडले, तर पणजीनं उपासमारीच्या वर्षात ज्या झाडांवर घर जगवलं, त्यांचा वंश मावशीच्या हातून संपणार. मावशी हे बोलत नव्हती. ती गेला आठवडाभर रिकामा माठ घासत होती, एवढंच.

ताडांची रांग दोन्ही बाजूंना पाहुण्यांच्या स्वागताला उभी केल्यासारखी होती. एकही पान सुकलेलं नाही. ताडाखाली मुख्य भूमीवरून आलेलं एक जोडपं फोटो काढत होतं आणि त्यातली बाई म्हणत होती, "अगदी परदेशात आल्यासारखं वाटतंय!"

"आम्ही परदेशी वाटलो होय यांना," चिनात्सु पुटपुटली.

वळणावर ते सायकस दिसलं. मावशीनं भोवतीच्या दोरीवरून हात लांबवून खोडाला लावला.

"अगं बये! केवढी सुटलीस! इथलं खाणंपिणं मानवलं म्हणायचं."

झाडासमोर पाटी होती. पाटीवर लाल अक्षरं: 'विषारी. हात लावू नये.' बस, एवढंच. कुणी लावलं, कुणाच्या शेतातलं, किती पोटं भरली, काही नाही. चोराला असते तशी ओळख! चिनात्सुनं दप्तर उघडलं, कणीस काढलं आणि दोरी ओलांडली. मागच्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत सगळ्या शाळेसमोर तिचा पाय एकदाही लटपटला नव्हता. एका दोरीची काय कथा!

"थांबा! तिथेच थांबा!"

नवे व्यवस्थापक हिराबायाशीसाहेब गमबूट फदफदवत धावत आले. उंच, बारीक, उन्हानं नाक सोललेले.

"हातात काय आहे?"

"नवरदेव," चिनात्सु म्हणाली. "उशीर झालाय त्याला. बाजूला व्हा."

"कुठून आणलंत?"

"आमच्या गावातून. हे झाड पण आमच्याच गावातलं आहे. तुम्हाला माहीत नसेल, पाटीवर लिहिलेलं नाहीये ना!"

साहेबांनी वाद घातला नाही. खिशातून भिंग काढलं, तिच्या हातातलं कणीस वर्तमानपत्रासकट उलटं केलं आणि देठापाशी भिंग धरलं.

"बघा."

तिनं पाहिलं. कणसावर काही नव्हतं. पण देठाला चिकटून आलेल्या पानाच्या तुकड्याखाली पांढरे ठिपके होते. मीठ सांडल्यासारखे.

मावशीही वाकली, आणि मावशीचा चेहरा उतरला.

"मीच कापलं ते," मावशी म्हणाली. "वरून पाहिलं. पानाच्या खालून पाहिलंच नाही. डोळे फुटले होते माझे."

"आणखी एक पाऊल टाकलं असतंत," साहेबांचा आवाज आता चढला, "तर ही पण गेली असती! मी रोज सकाळी एकेक पान उलटं करून बघतो, आणि तुम्ही दप्तरातून किडा घेऊन येता? हे जाळावं लागेल. आत्ताच."

गावातल्या शेवटच्या नराचं कणीस त्यांनी पिशवीत घालून गाठ मारली. चिनात्सुला राग आला. राग स्वतःचा, किड्यांचा, आणि या माणसाचं बरोबर आहे याचा तर सगळ्यांत जास्त!

"आणि तसंही," साहेब जरा खाली येत म्हणाले, "ते फूल उद्या कापायचंय. गेल्या हिवाळ्यात पलीकडच्या मादीची बी एका पाहुण्याच्या पोरानं तोंडात घातली होती. पुन्हा तो घोर नको."

"पलीकडच्या मादीला बिया धरल्या?" चिनात्सुनं मान वर केली. "नराशिवाय?"

"नर आहे की. तीन आहेत."

"मग त्यांची कणसं कुठे आहेत? आम्ही सगळी वाट बघत आलो, एकही दिसलं नाही."

साहेब म्हणाले, "यंदा कापतो आम्ही. वास येतो. लोक तक्रार करतात."

"कापून कुठे टाकता?"

त्यांची नजर क्षणभर अवजारांच्या शेडमागे गेली. तेवढी पुरली. चिनात्सु सुटलीच. मागून "अहो! अहो ताई!" आणि गमबुटांची फदफद. शेडमागे पालापाचोळ्याचा ढीग होता. तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत खुपसले. सडकी फुलं, ताडाची पानं, आणि मग तो वास! आयुष्यात पहिल्यांदा तिला तो अत्तरासारखा वाटला. तिनं कणीस उपटून काढलं, हलवलं, आणि पिवळी धूळ तिच्या नाकातोंडावर उडाली.

धापा टाकत आलेल्या साहेबांच्या सोललेल्या नाकासमोर तिनं ते धरलं.

"काढा भिंग! देठ बघा, खाली बघा, आतून बघा. सावकाश बघा, आम्हाला घाई नाही. झाड मावशीचं, नर तुमचा, भिंग तुमचं. आता कुठला नियम राहिलाय?"

त्यांनी खरंच बघितलं. दोनदा. तोवर मावशी पोहोचली होती.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "पण बियांचं काय? पोरांनी खाल्ल्या तर?"

"साहेब," मावशी शांतपणे म्हणाली, पण तो आवाज चिनात्सुला ठाऊक होता, त्या आवाजानं गावची कुत्री गप्प बसतात, "आमच्या घरात चार पिढ्या पोरं या बियांच्या ढिगात खेळली, एकही मेलं नाही. रंग चढला की मी येईन. टोपली रिकामी करून नेईन. एक बी खाली सांडली तर मला बोला. पण तुम्ही उद्या कात्री लावलीत, तर मी इथेच, या तुमच्या पाटीशेजारी, रोज येऊन बसेन. आणि येणाऱ्या प्रत्येकाला हे झाड कुणाचं ते सांगेन. रोज तिकीट काढून!"

साहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"दोरी मागे घेतो," ते शेवटी म्हणाले. "पोरांचा हात पोहोचणार नाही इतकी. पण आत जायच्या आधी बूट आणि हात धुवायचे. दोघींनी."

धुतले. चिनात्सुनं तर असे घासले, की जणू साहेबांचं नाक घासतेय. मग मावशीनं कणसाचे तुकडे केले आणि भगव्या लोकरीत एकेक ठेवत गेली. लेकीच्या केसांत फुलं माळावीत तशी. ठेवताना तिचे ओठ हलत होते. काय म्हणत होती ते चिनात्सुनं विचारलं नाही.

फाटकापाशी तिनं मागे वळून ओरडून विचारलं, "हिवाळ्यात येऊ तेव्हा तिकीट नाही ना?"

"तिकीट लागेल," साहेब म्हणाले. "तो नियम माझा नाही."

"बघितलंस? बघितलंस मावशी? मेले तरी नियम..."

"चल, बस जाईल."

बसमध्ये ड्रायव्हरनं आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. चिनात्सु केसांपासून मोज्यांपर्यंत पिवळी झाली होती आणि अजून धुमसत होती.

"मी नाही काढणार तिकीट. सांगून ठेवते. भिंतीवरून उडी मारेन."

"मार," मावशी डोळे मिटून म्हणाली. "फक्त आधी बियांचं घमेलं पलीकडे टाक. मोठं आण. घरातलं पुरायचं नाही."