पाळकांनी परत केलेली गाडी

रविवारची उपासना संपत आली तेव्हा भैयालालकाका उठले आणि त्यांनी पुढच्या टेबलावर गाडीची किल्ली ठेवली. काका स्टील प्लांटमधून क्रेन ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले. बायको सिंधुताई मागच्या वर्षी गेल्यापासून रिसालीत एकटेच राहायचे.

"पास्टरजी, माझी गाडी सेवेसाठी देऊन राहिलो. जुनी आहे, पण चालते चांगली."

मंडळीनं टाळ्या वाजवल्या. धनंजय पाळकांनी मात्र किल्ली उचलून काकांच्या हातात परत दिली. "काका, प्रभूच्या सेवकाले गाडी कशाले पाहिजे? माझी स्कूटर पुरे आहे."

लोकांच्या चेहऱ्यांवर कौतुक पसरलं. बायकांच्या रांगेत बसलेल्या वंदनाला, पाळकांच्या बायकोला, फक्त काकांचा उतरलेला चेहरा दिसला. शेवटच्या प्रार्थनेला न थांबताच ते निघून गेले.

दुपारी दोघं नवराबायको स्कूटरवरून उतईला प्रार्थनासभेला गेले. वंदना मागे, मांडीवर ढोलक, कमरेला पाठदुखीचा पट्टा. प्रत्येक खड्ड्याला तिच्या पाठीतून कळ जायची. बावीस वर्षं तिनं दोन खोल्यांत संसार केला होता, कोणी दिलेल्या साड्या आनंदानं नेसल्या होत्या. कधी कुरकुर केली नव्हती. पण आज तिचा जीव शांत होईना. परतताना उसाच्या रसासाठी थांबले, तेव्हा तिनं विचारलंच.

"अहो, गाडी तुम्ही देवासाठी नाकारली का लोकांसाठी?"

"म्हणजे?"

"काकांच्या घरी जाऊन नाही म्हणता आलं असतं. सगळ्यांसमोर कावून म्हटलं? पैसेवाल्याले पैशाचा गर्व असते. आपल्याले पैसा नसल्याचा गर्व होऊन राहिला, असं मले वाटते."

ग्लास अर्धाच ठेवून धनंजयांनी स्कूटरला किक मारली. घरी पोचल्यावर, कुलूप काढताना एवढंच म्हणाले, "उद्या काकांकडे जाऊ."

काकांनी चहा केला, पण बोलणं तुटकच. पाळकांनी माफी मागितली तेव्हा ते अंगणातल्या पांढऱ्या गाडीकडे पाहत राहिले.

"विकायले काढली होती, पास्टरजी. गिऱ्हाईक आलं, सीटवर गुडघा टेकवून छत ठोकून पाहिलं त्यानं. दोन वर्षं सिंधूले याच गाडीनं डायलिसिसले नेलं. मले विकवली नाही. वाटलं, कोण्या बिमार माणसाच्या कामी आली तर तिलेही बरं वाटेल."

धनंजयांनी मान खाली घातली. "मले वाटलं, गाडी घेतली तर लोक मले काय म्हणतील. मी माझाच विचार केला, काका. तुमचा केलाच नाही." मग त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

काकांनी किल्ली लगेच दिली नाही. आधी गाडीतून सिंधुताईंची शाल काढली, नीट घडी करून आत ठेवून आले, आणि मग किल्ली पाळकांच्या हातावर ठेवली.

पण गाडी दोघांनाही चालवता येत नव्हती. काका रोज सकाळी मैदानावर शिकवायला लागले. धनंजयांनी तिसऱ्या दिवशी क्लचपुढे हात टेकले. वंदना शिकली. पहिल्या आठवड्यात तिनं एक कुंपण वाकवलं, ते काकांनी स्वतः सरळ केलं.

मंडळीत कुजबुज झालीच, पाळकही गाडीवाले झाले म्हणून. धनंजयांना ते झोंबलं. दोन रविवार ते स्कूटरही न काढता चर्चला पायीच गेले. वंदनानं त्यांना अडवलं नाही.

तिसऱ्या रविवारी तिनं कोहक्याहून अंजनाबाईंना आणलं. गुडघ्यांमुळे त्यांना वर्षभर उपासनेला येता आलं नव्हतं. काका शेजारी बसून गिअर सांगत होते, आणि अंजनाबाई मागून ओरडत होत्या, "हळू चालव बाई, मले प्रभूकडे इतक्या लवकर नाही जायचं!" काका किती दिवसांनी मोकळं हसले.

वळणावर धनंजय दिसले, घामेजलेले, भरभर चालत. वंदनानं गाडी त्यांच्या बाजूला थांबवली. चर्चच्या फाटकापाशी लोक उभे होते आणि इकडेच पाहत होते. धनंजयांनीही एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग दरवाजा उघडून ते अंजनाबाईंच्या शेजारी बसले.