फ्रीजखाली नऊ दिवस

मी कोंबडी बोलतेय. खरी नव्हे. मी अंडी घालत नाही आणि मला कापून रस्साही करता येत नाही. बिस्किटाएवढी, लाल तुऱ्याची, पाठीला लोहचुंबक लावलेली प्लास्टिकची कोंबडी आहे मी. हसू आलं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं हसायला फार जागा नाही.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते ठाऊक नाही. शुद्धीवर आले ती नेब्रास्कातल्या एका बियाण्याच्या दुकानात, गल्ल्याशेजारच्या टोपलीत. मक्याचं बियाणं घेणाऱ्याला एक कोंबडी फुकट. ऑरिननं परसातल्या दोन वाफ्यांपुरतं बियाणं घेतलं आणि मला खिशात टाकलं. फुकटात आलेल्याला घरात मान नसतो, पण काम पहिल्या दिवसापासून असतं. माझं काम कागद धरायचं. फ्रीजच्या दारावर.

माणसांची एक खोड मी तिथं बसून ओळखली. जे विसरायची भीती वाटते ते ती फ्रीजवर लावतात, आणि एकदा लावलं की निर्धास्त विसरतात. दाताच्या डॉक्टरची तारीख, चर्चमधल्या जेवणाची पाळी, सगळं माझ्या छातीखाली पिवळं पडायचं. मी मात्र सोडायची नाही. मला गर्व होता. एकदा धरलं की धरलं.

ऑरिन गावातल्या धान्याच्या कोठारावर कामाला. त्याची बायको मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात. बाई तोंडानं तिखट, हातानं गोड. मूलबाळ झालं नाही. मग पन्नाशीच्या उंबरठ्यावर डेसा आली. सरकारनं सांभाळायला दिलेली, तीन वर्षांची. चालत नव्हती, बोलत नव्हती, आणि मध्येच डोळे फिरवून झटके यायचे. आधीच्या दोन घरांनी तिला परत दिलं होतं. परत! दुकानातून आणलेल्या चपला परत करतात तसं.

मार्लिसनं परत दिलं नाही. दोन वर्षं पोरीला कडेवर घेऊन भाजी हलवली.

डेसा बसल्या बसल्या सरकत सगळं स्वयंपाकघर फिरायची आणि येऊन थांबायची फ्रीजपाशी. तिचा एक खेळ होता. हाताला लागेल ते फ्रीजखाली सरकवायचं. रंगाचे खडू, मोजे, चमचे.

"घरातले चमचे जातात कुठं?" मार्लिस ओरडायची.

"तू रागानं गिळतेस," ऑरिन म्हणायचा.

डेसाला कायदेशीर दत्तक घ्यायचं ठरलं आणि सरकारी कार्यालयातली रेनाटा घरी आली. डेसाची फाइल तिच्याकडेच होती. तिनं टेबलावर कागद मांडला. असं मूल दत्तक घेणाऱ्या घराला सरकार दरमहा हातभार लावतं आणि मुलाच्या औषधपाण्याचं कार्ड देतं, त्याचा करार. खाली वरच्या साहेबाची सही होऊनच आली होती. ऑरिननं तिथल्या तिथं आपली केली. मार्लिसनं मात्र चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. इथंच सगळं बिनसलं.

"हे काय लिहिलंय? 'विशेष गरजेचं मूल. आर्थिक मदतीशिवाय घर मिळणं अवघड.' अवघड? माझी डेसा अवघड?"

"कायद्याची भाषा आहे, मार्लिस," रेनाटा म्हणाली. "तसं लिहिल्याशिवाय मदत मंजूर होत नाही."

"तिला घर मिळालंय. ह्या चार भिंती दिसत नाहीत का तुम्हाला? मी सही केली म्हणजे मीच कबूल केलं की पैसे दिले म्हणून ठेवली, नाहीतर कोण ठेवणार होतं! उद्या ती वाचायला शिकली तर काय दाखवू तिला?"

रेनाटानं वाद घातला नाही. उठताना एवढंच म्हणाली, "तुमचा राग मला कळतो. पण एक कळून घ्या. न्यायाधीशांनी दत्तकाचा हुकूम द्यायच्या आधी ह्यावर सही पाहिजे. हुकूम झाला की हे दार बंद. मग ते उघडायला सुनावण्या, वकील, वर्षं. तारीख पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, दहा वाजता. विसरू नका."

ती गेल्यावर नवराबायकोचं जुंपलं.

"सही कर, बाई. शब्द चावत नाहीत."

"तुला चावत नाहीत. तुझी कातडी जाड आहे."

"एका रुग्णवाहिकेचं बिल आलं ना, की माझी कातडीसुद्धा विकावी लागेल."

"विक. कुणी घेत नाही."

तिनं कागदाची घडी घातली आणि दाणकन माझ्याखाली लावली. मी धरला. दोघांचं बोलणं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्लिस डेसाला फ्रीजपाशी ठेवून बाहेर कपडे वाळत घालायला गेली. डेसानं पाय ताणले, फ्रीजच्या मुठीला धरून अंग वर ओढलं. पहिल्यांदाच. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! मग तिच्या बोटांनी कागदाचं टोक पकडलं. कागद खाली ओढला, कागदाबरोबर मी. आणि तिनं आपला खेळ खेळला. सर्रकन आम्हाला दोघांना फ्रीजखाली सरकवून दिलं.

आता ऐका माझं कर्म. मी नुसती जमिनीवर पडले असते तर केरसुणीनं कधीतरी बाहेर आले असते. पण वर फ्रीजचं लोखंडी पोट. पाठ तिकडं ओढली गेली आणि मी जाऊन चिकटले. कागद मध्ये. माझ्याच पकडीत कैद.

दुपारी मार्लिस परत स्वयंपाकघरात आली. फ्रीजसमोर थांबली. तिची पावलं मला दिसत होती. मग ती पुटपुटली, "ऑरिननं जाताना नेला वाटतं. खरडलं असणार माझंही नाव. चर्चच्या शुभेच्छापत्रावर खरडतो तसं." रागानं म्हणाली खरी, पण टाचा सैल पडल्या. माझ्या लक्षात आलं, हिला बरं वाटलंय. सही झाली, आणि हिला करावी लागली नाही.

संध्याकाळी ऑरिनचे बूट तसेच थांबले. तो हलकी शीळ घालत गेला. त्याला वाटलं, बाईनं गुपचूप सही करून धाडली. आता विचारलं तर भडकेल. कशाला विचारा!

कळलं का? दोघांना वाटत होतं दुसऱ्यानं केलं. आणि खरं एका प्लास्टिकच्या कोंबडीला ठाऊक, जिला आवाज नाही.

एक दिवस गेला, दोन गेले. फ्रीज माझ्या डोक्यावर घुरघुरायचा, थांबायचा. तो थांबला की मला भीती वाटायची, कारण तेव्हा घरातला शब्द न् शब्द ऐकू यायचा आणि एकाही शब्दात कागद नसायचा. मी सुटायचा प्रयत्न केला. आयुष्यात पहिल्यांदा. पण चुंबकाला सोडता येत नाही हो! घट्ट धरणं हाच माझा गुण म्हणून मी मिरवत होते, आणि त्याच गुणानं मी ह्या पोरीचं नशीब अंधारात दाबून धरलं होतं.

केरसुणी दोनदा येऊन गेली. खालून फिरली, मला लागली नाही.

पाचव्या दिवशी फरशी थरथरली. आधी वाटलं बाहेर मालगाडी आहे. मग कळलं, त्या टाचा आहेत. डेसाच्या. झटका आला होता, आणि तिच्या टाचा फरशीवर वाजत होत्या. टकटकटकटक. मार्लिस गुडघ्यावर पडली आणि घड्याळ बघून मोठ्यानं मोजायला लागली. "दहा... वीस... डेसा, मी इथं आहे... तीस..." पाच मिनिटांच्या वर गेलं की रुग्णवाहिका. ती बोलवावी लागली.

माझ्यावर लोखंड होतं, खाली फरशी. त्या टाचा माझ्या अंगात वाजत होत्या. मी मनात म्हटलं, शुक्रवारपर्यंत हा कागद निघाला नाही तर पुढच्या वेळी ही बाई फोन उचलायच्या आधी विचार करेल. परवडेल का, असा विचार. तेवढ्या विचारातच पोर जाईल.

दोन रात्रींनी डेसा इस्पितळातून परत आली. थकलेली, पण आली.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. रेनाटा.

मार्लिसचा आवाज ऐकला मी. "आला नाही म्हणजे? ऑरिननं पाठवला की!" मग, "तारीख पुढं ढकलली तर?... दोन-तीन महिने?... आणि तोवर ती कायद्यानं सरकारचीच? कुणी उठून तिला हलवलं तर?... नाही. नाही बाई. एक दिवस थांबणार नाही मी. मदत गेली खड्ड्यात." तिनं फोन आपटला.

ऑरिन नुकताच आला होता.

"तू पाठवला नाहीस?"

"मी? तू नाही पाठवलास?"

"मला वाटलं तू माझं नाव खरडलंस!"

"सरकारी करारावर? तुरुंगात जाऊ? तिथलं जेवण तुझ्यापेक्षा बरं असेल म्हणा."

"ऑरिन, हसू नकोस. मला भीती वाटतेय."

मार्लिसच्या तोंडून हा शब्द मी त्या घरात पहिल्यांदा ऐकला. ऑरिनचे बूट जागच्या जागी थिजले.

"दुसरी प्रत?" त्यानं हळू विचारलं.

"साहेबाची सही त्याच प्रतीवर आहे. साहेब सोमवारपर्यंत गावात नाही."

मग शोधाशोध. खणांचे आवाज, कपाटांचे आवाज. कचऱ्याची गाडी मंगळवारीच येऊन गेलेली. तेवढ्यात डेसाच्या औषधाची वेळ झाली.

"चमचा दे," मार्लिस म्हणाली.

"नाहीये."

"एकही?"

आणि ह्याच वेळी डेसानं फ्रीजच्या खालच्या कडेवर थापट्या मारल्या. रोज मारायची. रोज तिला उचलून बाजूला करायचे. आज कुणी उचललं नाही.

"मार्लिस," ऑरिन म्हणाला, "लाकडी पट्टी आण."

तो पालथा पडला. पट्टी आत आली. एक चमचा निघाला, दोन, पाच. मोजा निघाला. निळा खडू निघाला. पट्टी माझ्याखालून दोनदा गेली.

"कागद नाही."

"परत घाल."

"नाही गं काही."

"परत घाल म्हणते ना! वरच्या अंगानं फिरव!"

पट्टी वरून आली. थाडकन माझ्या चोचीवर. मी धरून राहिले. माझी इच्छा नव्हती, पण राहिले. दुसरा फटका बसला. चोच तुटली, आणि मी सुटले. कागदासकट खाली पडले. धरलेलं सुटल्याचा इतका आनंद मला त्याआधी कधीच झाला नव्हता.

मार्लिसनं धूळ झटकली. चष्मा लावला. तीच ओळ परत वाचली.

"अवघड ती नाही," ती म्हणाली. "अवघड ही दुनिया आहे. पण दुनियेसाठी ह्यांच्याकडं रकाना नाही."

आणि सही केली. इतकी दाबून, की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. पाचच्या आत दोघं गाडी पळवत रेनाटाच्या कार्यालयात पोचले.

शुक्रवारी मी डेसाच्या मुठीत न्यायालयात होते. न्यायाधीशांनी हुकूम वाचला, ऑरिन रडला, मार्लिस त्याच्यावर खेकसली आणि स्वतःही रडली. डेसानं मला भिरकावलं, मी न्यायाधीशांच्या टेबलावरच्या लोखंडी दिव्याला जाऊन चिकटले. सगळे हसले. मी नाही हसले. मला अजून त्या टाचा ऐकू येत होत्या.

त्याला बारा वर्षं झाली. चाकांची खुर्ची आली, औषधं बदलली, रुग्णवाहिका कितीदा आली, आणि मार्लिसनं एकदाही विचार करण्यात वेळ घालवला नाही. फोन उचलला. त्या सहीनं एवढं केलं.

मी आता म्हातारी झालेय. चोच नाही, तुरा फिका, पाठीचा चुंबक अर्धा निघालेला, चिकटपट्टीवर तगलेय. आणि माझ्या छातीखाली नवा कागद आहे. डेसा पुढच्या महिन्यात अठरा वर्षांची होते. अठरा भरले की करार संपतो. तिच्या आजारासाठी तो पुढं चालवायचा असेल तर वाढदिवसाच्या आत हा कागद परत गेला पाहिजे. मार्लिसनं ह्या वेळी पहिल्याच दिवशी सही केली. ऑरिननं केली. डॉक्टरच्या सहीची जागा रिकामी आहे. "उद्या नेते," मार्लिस म्हणाली. त्याला सहा दिवस झाले.

डेसाची खुर्ची आता माझ्या उंचीला येते. आत्ता ती समोर आलीय. मार्लिस बाहेर कपडे वाळत घालतेय. डेसा हसतेय. तिला मी अजून आवडते. तिचा हात वर येतोय.

अहो, कुणीतरी या. माझ्या भरवशावर राहू नका. कोंबडीला धरून ठेवता येतं, पाठवता येत नाही.