अवसेचा खडक

माझी सासू डोंगरात राहून समुद्राचं घड्याळ चालवायची. कुणाला सांगितलं तर हसत्यात, पण म्या एकोणीस वर्षं ऐकलंय. पासलीला आमचं भाताचं शेत, चारी अंगाला डोंगर, आन् ह्या बाई लावणीत वाकल्या वाकल्या मधीच कंबर सरळ करून म्हणायच्या, "आता भरती लागली असंल." कुणी विचारलं न्हाई, पुसलं न्हाई. भाकरी थापताना म्हणायच्या, "आता पाणी उतरलं असंल." नवीन लगीन होऊन आले तवा मला वाटलं, बाईच्या डोक्यात जरा कमी-जास्त हाय. मग कळलं, माहेर कोकणातलं, समुद्राच्या कडंला, आन् नुस्त्या तिथीवरनं त्या भरती-वहोटी सांगायच्या.

धोंडाबाई त्यांचं नाव. मी आत्या म्हणते, आमच्याकडं सासूला तसंच म्हणत्यात.

त्यांच्या गावच्या किनाऱ्याला एक खडक हाय, म्हशीचा खडक. एरवी पाण्यावर नुस्ती दोन शिंगं दिसत्यात. पाणी लई उतरलं तर अख्खी म्हस बाहेर येती, आन् तिच्या पाठीवर कालवं असत्यात. कालवं म्हणजे खडकाला चिकटलेली शिंपली, ती टोकदार लोखंडानं फोडून आतला गर काढायचा. सोळाव्या वर्षी आत्या त्या पाठीवर बसून कालवं काढत होत्या. टोपली अर्धी झाली आन् काठावरनं आईनं हाक मारली, घाटावरची माणसं तुला बघायला आल्यात, वर ये. ओल्या लुगड्यानं तशाच वर गेल्या. पंधरा दिवसांत लगीन लागलं.

त्यानंतर त्या माहेराला गेल्या न्हाईत असं न्हाई. पण पंचमीला जावं तर पावसाळ्यातला समुद्र खवळलेला, आन् बाळंतपणाला जावं तर बाळंतिणीला पाण्यात कोण जाऊ देतंय? पुढं गेल्या त्या आईबापाच्या मयताला. मयताला गेलेलं माणूस कालवं काढत न्हाई. मग भाऊ घर विकून मुंबईला गेला आन् जाणं-येणंच संपलं. ती टोपली अर्धी राहिली त्याला आता एक्कावन्न वर्षं झाली. मला एकदा म्हणाल्या, "नूतन, मला दुसरं काय बी नगं. ती टोपली तेवढी भरायचीय."

आमच्या मालकांचं नाव गोरख. टेम्पो चालवत्यात. औंदा उन्हाळ्यात त्यांच्या मोबाईलवर व्हिडिओ आला, 'समुद्रावर गेल्यावर करायच्या दहा गोष्टी.' झालं, माणूस पेटला. जीप सांगतो म्हणाले, सगळी जाऊ, आईचा बी खडक बघू.

आत्या चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, "जायचं तर अवसेला जाऊ."

माझा हात पिठातच थांबला. अवसेला, म्हणजे अमावस्येला, आमी नवा कपडा अंगाला लावत न्हाई, बैल जुंपत न्हाई, आन् ही बाई वरंधा घाटात गाडी घालायला सांगती.

"अवसेला उधाण असतं," आत्या म्हणाल्या. "पाणी लई चढतं आन् लई उतरतं. संध्याकाळी सहाला म्हस अख्खी उघडी पडती."

"समुद्र काय पळून जातोय व्हय?" म्या म्हणलं. "आठ दिसांनी जाऊ. अष्टमीला. रविवार बी हाय. अवसेला माझी पोरं घाटात घालू देणार न्हाई मी."

आत्या गप बसल्या. सुनेपुढं सासूनं गप बसायचं दिवस आलं, ह्याचं मला तवा जरा बरं बी वाटलं. खोटं कशाला सांगू.

अष्टमीला उजाडायला निघालो. भोर मागं टाकलं, घाट उतरलो आन् दहाच्या सुमाराला समुद्र दिसला. एका अंगाला वाळूची पट्टी, पुढं सगळा काळा कातळ, त्याच्यावर लाटा आपटून फुटत होत्या. मालकांनी लगेच मोबाईल काढला आन् यादी चालू केली. घोडागाडी झाली, नारळपाणी झालं, वाळूत नावं लिहून झाली. केळ्यासारख्या होडीत बसून मालक पाण्यात पडलं, तवा तर पोरं हसून हसून लोळली. मी बी हसले.

आत्या मात्र पिशवीतनं टोपली आन् लोखंड काढून कातळ सुरू होतो तिथं जाऊन बसल्या होत्या. टोपली मांडीवर, नजर पाण्यावर. मी गेले तवा बारा वाजून गेलं होतं. समोर दोन शिंगं दिसत होती.

"अजून उतरंल ना?" म्या विचारलं.

"न्हाई. आज भांग हाय. अष्टमीला पाणी आळशी असतं, धड चढत न्हाई, धड उतरत न्हाई. आता परत फिरंल." भाजी आळणी झाली म्हणून सांगावं, तेवढ्याच आवाजात त्यांनी सांगितलं.

"तुमाला हे घरीच ठावं होतं?"

"व्हय."

"मग आल्या कशाला?"

"म्हणलं, शिंगं तरी दिसतील."

म्या पदर खोचला आन् लोखंड घेऊन पाण्यात शिरले. म्हणलं, शिंगावर चार कालवं तर असतील. मांडीएवढ्या पाण्यात गेले न्हाई तवर लाटेनं मला उचलून मागं फेकलं. कोपर फुटलं, लोखंड मात्र म्या सोडलं न्हाई. आत्यांनी माझ्या हाताला धरून बाहेर ओढलं आन् पदरानं कोपर पुसलं. "येडी का काय तू," म्हणाल्या.

मालक आलं, म्हणालं नऊ गोष्टी झाल्या, आता सूर्य बुडतानाचा फोटो तेवढा राहिला. आत्या म्हणाल्या, "नगं. घाटात अंधार हुईल." रिकामी टोपली परत पिशवीत गेली.

घरी आल्यावर आत्या सगळं करायच्या. गुरं बघायच्या, धान्य निवडायच्या, पोरांवर ओरडायच्या. पण भरती लागली असंल, पाणी उतरलं असंल, हे बोलणं बंद झालं. एकोणीस वर्षं ज्या बोलण्याचा मला वैताग यायचा, त्याच्यासाठी मी कान लावून बसायला लागले. भाकरी थापताना त्यांच्या तोंडाकडं बघायची. त्या आपल्या गुमान जाळ सारायच्या. घरातलं घड्याळच कुणी उतरवून नेलंय असं वाटायचं.

तशात पुढची अवस आली. मालकांना जीप सांगा म्हणायचं म्या रोज ठरवलं आन् लाजेनं रोज गिळलं. संध्याकाळी आत्या अंगणात सूप घेऊन भाताचं बियाणं निवडत होत्या. मी जवळ जाऊन बसले. मोबाईलमधी बघितलं, सहाला पाच कमी.

"आत्या," म्या म्हणलं, "आता म्हस उघडी पडली असंल."

त्यांचा हात सुपात थांबला.

"अजून शेपटाकडं पाणी असंल," मग म्हणाल्या. "दिवस टेकला की सगळी उघडी."

दिवस डोंगराला टेकला. पल्याड कोकण. आमी दोघी तिकडं बघत बसलो. मला रडू आलं, म्या डोळं पुसलं न्हाईत.

"माझ्यामुळं राहिलं, आत्या. पुढल्या अवसेला पाऊस लागंल, घाटाचा भरोसा न्हाई. दिवाळीच्या अवसेला जाऊ."

"दिवाळीला भात कापायला येतं. ऐन कापणीत घर सोडून जायचं?"

"व्हय."

"आन् भात?"

"अर्धं कापू, अर्धं उभं राहील."

एक्कावन्न वर्षांत आत्यांनी शेतात एक पेंढी मागं ठेवलेली न्हाई. पावसात भिजून, ताप अंगावर काढून भात घरात आणलंय. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, मग माझ्या कोपराकडं बघितलं, तिथं अजून खपली होती. सूप बाजूला सारलं.

"भोरातल्या लोहाराकडनं दुसरं लोखंड करून आण," त्या म्हणाल्या. "एकटीनं टोपली भरायला आता मला वेळ लागंल."